सहाशे घोडे आणि एक डोंगा

बालाघाट जिल्ह्यात बोट आली ती रस्त्यानं. दुसरी सोयच नव्हती. समुद्र इथून दोन दिवसांच्या वाटेवर, आणि वैनगंगेचं म्हणाल तर उन्हाळ्यात तिच्यातून म्हशीसुद्धा पोट न भिजवता पार होतात. मुंबईकडून निघालेला ट्रेलर पाचव्या दिवशी गोंदिया ओलांडून राजेगावात शिरला, तेव्हा चहाच्या टपरीवर ही वस्तू काय असावी याबद्दल तीन मतं पडली. एक म्हणाला विमान आहे, पंख मागून येताहेत. दुसरा म्हणाला निवडणुकीचा रथ. तिसरा बोट म्हणाला, त्याला बाकीच्यांनी वेड्यात काढलं.

होती बोटच. एकतीस फूट लांब, पांढरीशुभ्र, आणि मागे टांगलेली तीन-तीनशे हॉर्सपॉवरची दोन काळी इंजिनं. कागदावर तिला लक्झरी स्पोर्ट क्रूझर म्हटलं होतं. ती घेणारे हिरालाल टेंभरे हे बालाघाटचे राईस मिलवाले. मलाजखंडच्या खाणीवर त्यांचे ट्रक चालायचे. पाथरघाट जलाशयावर पर्यटन सुरू करायचा ठेका त्यांना मिळाला होता, आणि ठेक्याच्या कागदात ‘आधुनिक बोट’ असे दोन शब्द होते. दुसऱ्या कुणी पायानं चालवायची चार प्लास्टिकची बदकं आणून वेळ निभावली असती. पण हिरालालशेठ हात आखडता घेणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी घरच्या लग्नात हत्ती आणवला होता, आणि हत्ती परत पाठवायची व्यवस्था करायला विसरल्यामुळे तो अठरा दिवस मिलच्या आवारात होता.

बोट चालवायला त्यांनी दुलीचंद वलथरेला धरलं.

दुलीचंद हा पाथरघाटचा ढीवर, पिढीजात मासेमार आणि नावाडी. वय छप्पन्न, अंगानं सुकलेल्या शेंगेएवढा, आणि बोलणं त्याहून कमी. जलाशयाच्या पलीकडे डोंगरटोला नावाची चाळीस घरांची वस्ती आहे. धरण झालं तेव्हा पाणी मध्ये आलं आणि टोला तिकडेच राहिला. रस्त्यानं जायचं तर बावीस किलोमीटरचा वळसा, पाण्यावरून दीड. त्या दीड किलोमीटरवर आधी दुलीचंदचा बाप आणि मग दुलीचंद डोंगा वल्हवत आले. गुरुवारच्या बाजाराला बाया, रोज शाळेच्या पोरी, अधूनमधून एखादं बाळंतपण. तिकीट वगैरे नाही. सुगीला टोल्यातल्या प्रत्येक घरातून पायलीभर धान यायचं, न मागता यायचं, आणि ज्या घरात पिकलं नाही त्या घराची माणसंही डोंग्यात बसायची.

आता हा डोंगा बंद व्हायचा होता. मोठी बोट जोरात गेली की लाट उठते, लाटेनं डोंगा उलटू शकतो, उलटला तर माणसं मरतील. म्हणून सुरक्षिततेसाठी जलाशयावर वल्ह्याच्या सगळ्या नावांना बंदी, असं प्रस्तावाच्या चौथ्या पानावर लिहिलं होतं. लाट करणाऱ्याला सोडून उलटणाऱ्याला बंदी घालणं हे कागदावर वाचताना अगदी बरोबर वाटत होतं. बोटीची चाचणी झाली आणि साहेब लोकांचं समाधान झालं की त्याच दिवशी सही व्हायची होती.

दुलीचंदनं शेठला विचारलं होतं, माझ्या डोंग्याचं काय. शेठ म्हणाले होते, “देख लेंगे.” शेठ मनानं वाईट नव्हते. पण त्यांचं ‘देख लेंगे’ म्हणजे काय हे त्या हत्तीला विचारायला हवं होतं.

तरी दुलीचंद हो का म्हणाला? त्याची बायको शेवंताबाई हिनं हेच विचारलं. तो म्हणाला, आपण नाही म्हटलं तर दुसरा कोणी येईल, त्याला पाण्याखाली गेलेल्या झाडांची खुंटं माहीत नसतील. हे खरं होतं. पण सगळं खरं हे नव्हतं. सगळं खरं असं, की बोट पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हा दुलीचंद किनाऱ्यावर उभा होता, आणि ती इतकी देखणी होती की त्याला घरी जाऊन जेवावंसं वाटलं नाही.

शिकवायला रजत नावाचा इंजिनियर मुंबईहून आला होता. सहा दिवस राहिला. त्यानं प्रत्येक गोष्ट हिंदीत दोनदा सांगितली, दुलीचंदनं एकदाच ऐकली. बोटीत खाली एक खोली होती, तिच्यात दोघांचा पलंग होता. संडास होता, त्यात शॉवर होता. फ्रिज होता, मायक्रोवेव्ह होता, पाण्याखाली लागणारे निळे दिवे होते. गोड्या पाण्याची दीडशे लिटरची टाकी होती. गोड्याच पाण्यावर तरंगणाऱ्या बोटीत ती कशाला, असं दुलीचंदनं विचारलं, त्यावर रजत म्हणाला की कंपनी देते. एक पडदा होता, त्यावर नकाशा दिसे. त्या नकाशाला पाथरघाट जलाशय माहीत नव्हता. त्याच्या मते बोट सागवानाच्या जंगलात उभी होती.

खोली सांगणारं एक यंत्रही होतं. ते म्हणालं, इथं पाणी एक्केचाळीस फूट. दुलीचंद म्हणाला, चाळीस. रजतनं दोरीला वजन बांधून मोजलं. यंत्र बरोबर निघालं. दुलीचंदला त्याचं दोन दिवस वाईट वाटलं.

पण तिसऱ्या दिवशी रजतनं त्याच्या हातात लिव्हर दिला आणि म्हणाला, पूरा दबाओ.

दुलीचंदनं दाबला. आधी नाक वर आलं. समोर नुसतं आभाळ, बूड खाली बसलेलं, छातीवर कुणीतरी गुडघा ठेवावा तसा दाब. त्याला वाटलं, गेली, उलटली. चार श्वास गेले. मग नाक आपोआप खाली आलं, आवाज बारीक झाला, आणि बोट पाण्यातून उठून पाण्यावर बसली. आता ती पाणी कापत नव्हती. पाण्याला नुसती शिवत होती. काटा सत्तरच्या पुढे गेला. दुलीचंदनं चाळीस वर्षं एकेका हातानं मागे ढकललेलं ते पाणी आपणहून मागे पळत होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रजतला वाटलं वाऱ्यानं येतंय, त्यानं काच वर केली.

त्या दिवशी घरी गेल्यावर दुलीचंद जेवताना अचानक हसला. शेवंताबाईनं विचारलं, काय झालं. त्यानं जमेल तसं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ती बोट डोंगरटोल्याच्या घाटाला लागते का. नाही लागत, तो म्हणाला, तिच्या इंजिनांना तीन फूट पाणी लागतं, घाटावर गुडघाभरच आहे. शेवंताबाईनं ताटात भात वाढला आणि तो विषय तिथं संपला.

त्याच्या शिकण्याच्या दिवसांत डोंगा तीच चालवत होती. पंचावन्न वर्षांची बाई, पण वल्हं दुलीचंदपेक्षा सरळ मारायची. चाचणीचा दिवस गुरुवार ठरला. त्या दिवशी पाण्यावर एकही डोंगा दिसायला नको, असा शेठचा निरोप आला. शेवंताबाईनं उलट निरोप पाठवला की गुरुवारी बाजार आहे, चाचणी बघणाऱ्या कलेक्टर मॅडमला शुक्रवारी बोलवा. या निरोपाचं उत्तर आलं नाही.

गुरुवारी सकाळी दहा वाजता धरणाच्या भिंतीखाली मांडव पडला. अपर कलेक्टर दीपिका उइके मॅडम आल्या, त्यांच्यासोबत एक इंजिनियर साहेब आणि एक पर्यटनाचे साहेब. शेठकडून त्यांचे दोन व्याही, आणि डोमाजी मामा. अट अशी होती: भिंतीपासून सीताटेकडीपर्यंत सहा किलोमीटर, सगळी माणसं बसवून, सहा मिनिटांच्या आत. दुलीचंदला पांढरा शर्ट आणि टोपी मिळाली होती. टोपीवर इंग्रजीत कॅप्टन लिहिलं होतं.

डोमाजी मामांबद्दल सांगायला हवं. हे शेठच्या आईचे भाऊ, वय ब्याऐंशी. टेंभऱ्यांच्या घरात काहीही नवीन आलं, मिल असो, ट्रक असो की मिक्सर, पहिला लाल धागा मामांच्या मनगटाला बांधायचा ही रीत होती. मामांच्या हाताला यश आहे असं घरचे मानत. मामाही मानत.

रामपायलीच्या राममंदिरातून आणलेला नारळ फुटला. तो बोटीच्या नाकावर फोडायचा होता, पण रजतनं जाताना हात जोडून सांगितलं होतं म्हणून दगडावर फोडला. लिंबू चाकाखाली ठेवायचं तर चाकं नव्हती, म्हणून ते ट्रेलरच्या चाकाखाली ठेवलं. मग धाग्याची वेळ आली आणि कळलं की धाग्याची गुंडी बालाघाटलाच राहिली.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात शेठची नजर स्टिअरिंगच्या शेजारी गेली. तिथं एक लाल दोरी लोंबत होती. टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळी, झकास लाल, आणि टोकाला मनगटात अडकवायचा फास तयार. शेठचा चेहरा उजळला. ते म्हणाले, कंपनीवाल्यांनी बघा किती विचार केलाय. पुजाऱ्यानं मंत्र म्हटला, आणि दोरी डोमाजी मामांच्या मनगटात गेली.

दुलीचंद पुढे झाला होता. ही दोरी कशाची ते त्याला रजतनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती चालवणाऱ्याच्या हाताला लावायची. चालवणारा पाण्यात पडला, की दोरी ओढली जाते, तिच्या दुसऱ्या टोकाची लाल क्लिप बटणाखालून निघते आणि दोन्ही इंजिनं त्याच क्षणी बंद होतात, म्हणजे बोट माणसाला सोडून पळत नाही. क्लिप परत बसवेपर्यंत कितीही बटण दाबा, काही होत नाही. दुलीचंद एवढंच म्हणाला, “शेठ, हा धागा नोहे.” पण मंत्र चालू होता आणि शेठनं डोळ्यांनीच गप्प केलं. मामा शेजारच्याच खुर्चीवर बसणार होते. बसून राहिले तर काही बिघडत नाही, असा विचार करून दुलीचंदनं सोडून दिलं. खरंच, त्या वेळी त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं.

बोट निघाली. नाक वर आलं, एक व्याही देवाचं नाव घेऊ लागले, नाक खाली आलं. काटा साठ, पासष्ट, अडुसष्ट. मॅडमनी पदर कानामागे घट्ट खोचला आणि पहिल्यांदा हसल्या. इंजिनियर साहेब घड्याळ धरून होते. तिसऱ्या मिनिटाला तीन किलोमीटर मागे पडले होते. शेठ सगळ्यांकडे बघून मान डोलावत होते. दुलीचंदला माहीत होतं, आता तीन मिनिटांत ही सही होणार. आणि त्याला हेही माहीत होतं, की आपले हात लिव्हरवरून मागे यायला तयार नाहीत. त्याला स्वतःचा राग आला, पण हात तिथंच राहिले.

चौथ्या मिनिटाला डोमाजी मामांना लघवीला लागली.

ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला परवानगी घ्यायची सवय नसते. ते उठले, खाली जायच्या तीन पायऱ्या उतरले, दोरी ताणली, क्लिप निघाली. सहाशे घोडे एकदम गप्प झाले. बोट पाण्यात बसली, तिचीच लाट मागून येऊन तिला लागली, आणि मग जलाशयाच्या मधोमध जी शांतता असते ती सगळ्यांना ऐकू आली.

“दुलीचंद, काय झालं?” शेठनं विचारलं.

“बंद पडली, शेठ.”

हे खोटं नव्हतं. शेठनं स्वतः येऊन बटण दाबलं. एकदा दाबलं, दहादा दाबलं. इंजिनियर साहेबांनी पुढे येऊन पडद्यावर लुकलुकणारं एक लाल चिन्ह पाहिलं आणि म्हणाले, हे तेलाचं असणार. तेल पाहिलं तर भरपूर होतं. पर्यटनाचे साहेब रजतला फोन लावत होते. पाथरघाटला नेटवर्क फक्त भिंतीवर मिळतं. सगळे इंजिनांकडे बघत होते, कारण बंद तीच पडली होती. बटणाच्या खाली क्लिपची जागा मोकळी आहे हे एकट्या दुलीचंदला दिसत होतं.

मामा खाली होते. काम आटोपल्यावर त्यांना पलंग दिसला, आणि ते दोरीसकट त्यावर आडवे झाले होते. त्यांचं घोरणं वर येत होतं. चार पावलं. खाली जायचं, दोरी सोडवायची, क्लिप बसवायची. दुलीचंदला उभ्या आयुष्यात कुणाशी लबाडी केल्याचं आठवत नव्हतं. मासे मोजताना नाही, माणसं उतरवताना नाही. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग डोंगरटोल्याच्या दिशेनं पाहिलं. अकराच्या सुमाराला शेवंताबाई बाजारच्या बाया घेऊन तिकडून निघते.

तो बसून राहिला.

लाज वाटत होती. अगदी स्पष्ट. तरीही तो बसून राहिला.

पहिली वीस मिनिटं सगळ्यांनी धीर धरला. मग करायला काही नसल्यामुळे शेठनं बोटीच्या सोयी दाखवायला घेतल्या, आणि एक नवल सगळ्यांच्या लक्षात आलं, की पुढे जाणं सोडलं तर बोटीत सगळं चालत होतं. फ्रिज चालत होता; त्यातून थंड पाणी आलं. मायक्रोवेव्हमध्ये बालाघाटहून आणलेले समोसे गरम झाले. शॉवरला गरम पाणी होतं. गाणी लागत होती आणि आठ ठिकाणांहून लागत होती. मागचा सोफा उलटा केला की टेबल व्हायचा, टेबल दाबलं की गादी व्हायची. शेठनं हे सगळं तीनदा करून दाखवलं. मॅडमनी भर उन्हात पाण्याखालचे निळे दिवेही पाहिले, म्हणजे पाहिल्याचं कबूल केलं. इंजिनियर साहेबांनी नकाशा बघून जाहीर केलं की आपण जंगलात आहोत, आणि त्यावर कुणी हसलं नाही.

तासाभरानं समोसे संपले. ऊन चढलं. एका व्याह्यांना उलटी झाली. मॅडमनी विचारलं, अशा वेळी सोडवायला कोण येतं, प्रस्तावात काय लिहिलंय? पर्यटनाच्या साहेबांनी सगळी पानं चाळली. त्यात तसं काही लिहिलेलं नव्हतं.

मग डोंगा दिसला.

शेवंताबाई पाच बाया, दोन टोपल्या मोहाच्या लाडवांच्या आणि एक सायकल घेऊन येत होती. मोठी बोट उभी बघून तिनं दिशा बदलली, कारण पाण्यावर कोणी अडकलं असेल तर विचारायचं, ही तिथली पद्धत. शेठनं लांबूनच हात हलवायला सुरुवात केली. जो डोंगा आज दिसायला नको होता, त्याला एवढ्या आनंदानं कुणी बोलावल्याचं तिला नवल वाटलं असेल. तिनं दाखवलं मात्र नाही.

ती दोन खेपा करणार होती. पहिल्या खेपेत साहेब लोक, मागून बाकीचे. बाजारच्या पाच बाया मोठ्या बोटीवर चढल्या, चपला हातात घेऊन, आणि सोफा सोडून सरळ खाली फरशीवर बसल्या. मॅडमनी साडी वर खोचली आणि डोंग्यात पाय ठेवला तो बरोबर मधोमध, सवय असलेल्या माणसासारखा. साहेबांनी तसं केलं नाही, त्यांना धरावं लागलं.

डोंग्यात काय बोलणं झालं ते दुलीचंदला नंतर कळलं. मॅडमनी विचारलं, बाई, हा डोंगा रोज चालतो का. शेवंताबाई म्हणाली, चालतो, पण तुमीच बंद करून राह्यल्या म्हणे. मॅडमनी पर्यटनाच्या साहेबांकडून प्रस्ताव मागून घेतला आणि उरलेली वाट चौथं पान वाचत काढली.

दुसऱ्या खेपेला शेठ, व्याही आणि बाजारच्या बाया गेल्या. मामांना कुणी उठवलं नाही. बोट राखायला दुलीचंद थांबला. तिसऱ्यांदा डोंगा घेऊन शेवंताबाई आली तेव्हा एक वाजला होता आणि तिच्या पाठीवरचं लुगडं ओलंचिंब झालं होतं.

त्याच वेळी डोमाजी मामा जागे होऊन पायऱ्या चढून वर आले. मनगटात दोरी, दोरीच्या टोकाला लोंबणारी क्लिप. त्यांनी विचारलं, पोहोचलो का. दुलीचंदनं त्यांच्या हातातली दोरी सोडवली. क्लिप बटणाखाली बसवली. बटण दाबलं. दोन्ही इंजिनं लगेच बोलू लागली.

शेवंताबाई डोंग्यात उभी होती. तिनं इंजिनांकडे पाहिलं, क्लिपकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“तुमाले मालूम होतं?”

“हौ.”

“पहिल्यापासून?”

“हौ.”

तिनं पाण्यात वल्हं फिरवलं, उगाच. “काहून केलं?”

“तुहा डोंगा गेला असता.”

दुलीचंदला वाटलं, आता ती काहीतरी बरं बोलेल. ती म्हणाली, “ते बाया उन्हात बसल्या. बाजार गेला त्यायचा.” आणि मग, खालच्या आवाजात, “असं तुमी कधी केलं नव्हतं.”

हे खरं होतं, आणि म्हणूनच त्याला ते लागलं.

किनाऱ्यावर शेठ धावत आले. बोट स्वतःच्या इंजिनावर परत येताना त्यांनी पाहिली होती. काय झालं होतं, त्यांनी विचारलं. दुलीचंदला आता खोटं बोलायचं नव्हतं. तो म्हणाला, मामांनी धागा ओढला म्हणून बंद पडली होती, धागा जागेवर लावला आणि चालू झाली. मला ठाऊक होतं, शेठ. शेठनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यात त्यांना नवल असं काहीच वाटलं नाही. ते म्हणाले, मलाही आतून वाटतच होतं. शुभाचा धागा अर्ध्या वाटेत हलवू नये. दुलीचंदनं कबुली दिली, पण ती कुणी घेतलीच नाही. डोमाजी मामा पुढे वर्षभर गावोगाव सांगत राहिले की सहाशे घोडे आपण एका हातानं थांबवले होते.

मॅडमनी बोट नामंजूर केली नाही. त्यांनी आठ दिवसांत आदेश काढला. क्रूझरला परवानगी आहे. मात्र इंजिन बंद पडण्याचा धोका चाचणीत सिद्ध झाला असल्यामुळे क्रूझर पाण्यावर असताना वल्ह्याची एक नाव सोडवणुकीसाठी कायम तिच्यापासून पन्नास मीटरच्या आत असली पाहिजे. त्या नावेला क्रूझरच्या लाटेनं धोका होणार नाही, इतकाच वेग ठेवावा. त्या नावेच्या इतर प्रवाशांना अडवू नये. आणि अशी नाव आवश्यक असल्यानं वल्ह्याच्या नावांवरची बंदी रद्द.

शेठनं आदेश फ्रेम करून ऑफिसात लावला. परवानगी मिळाली, वर शिक्का होता, त्यांना आणखी काय हवं होतं. रविवारी गोंदियाहून लोक येतात. ते एसीत बसतात, पलंगावर फोटो काढतात, मायक्रोवेव्हचे समोसे खातात आणि फार छान वाटलं असं वहीत लिहून जातात. बोट हळू चालते अशी तक्रार आजवर एकानंही केलेली नाही, कारण ती याहून जोरात चालते हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

डोंगरटोल्याच्या बाया बाजाराला जातात. पोरी शाळेत जातात. सुगीला पायलीभर धान यंदाही आलं. दुलीचंदला जे हवं होतं ते सगळं झालं, आणि तो ते कुणापुढे नाकारत नाही.

फक्त सकाळी, भिंतीपासून निघताना, पुढे डोंगा असतो आणि मागे पन्नास मीटरवर ती पांढरी बोट. दुलीचंद टोपी घालून उभा असतो. हात लिव्हरवर. एक बोटभर पुढे, त्याहून जास्त नाही. काटा तीनच्या वर जात नाही. पुढचं बोटभर अंतर दाबलं तर काय होतं, हे त्या जलाशयावर एकट्या त्यालाच माहीत आहे, आणि रोज तेवढं न दाबणं हेच त्याचं काम आहे. कधी कधी शेवंताबाई वल्हं मारता मारता मागे वळून त्याच्या हाताकडे बघते. आता ती त्या दिवसाबद्दल काही बोलत नाही. एका सकाळी मात्र, आठ बाया आणि दोन सायकली भरलेला डोंगा मधोमध आला असताना, ती मोठ्यानं म्हणाली, “दाबावंसं लय वाटते का हो?”

“हौ,” दुलीचंद म्हणाला.

तिनं मान हलवली. मग वल्हं मांडीवर घेऊन ती जरा दम खायला थांबली, म्हणून त्यानंही बोट थांबवली.